फ्यूज का उडाला?

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये 'फाइव्ह व्हाय' हे शब्द न ऐकलेलं घर शोधून सापडायचं नाही. घरटी एक माणूस भोसरीला, चाकणला नाहीतर तळवड्याला कामाला असतो, आणि त्याने कधी ना कधी तो तक्ता भरलेला असतो. बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगतो. आपण बनवलेला पार्ट मोठ्या गाडी कंपनीने नापास करून परत पाठवला, की नुसतं 'चुकलं, बदलून देतो' म्हणून भागत नाही. ती कंपनी 'एट डी' नावाचा रिपोर्ट मागते. फोर्ड कंपनीने १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि तिथून ती सगळ्या वाहन उद्योगात पसरली. आठ पायऱ्या असतात. त्यातली चौथी सगळ्यात अवघड, मूळ कारण शोधण्याची. ते शोधायला 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. (तीनमध्ये भागलं तरी कोणी मारत नाही, पण तक्त्यात पाच रकाने असतात, ते रिकामे दिसले की ऑडिटरला चैन पडत नाही.)

या पाच 'का'चं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण टोयोटाच्या ताइइची ओहनो यांचं आहे. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक १९७८ साली जपानीत आलं, त्यात ते आहे. आणि गंमत बघा, ते उदाहरण फ्यूजपासूनच सुरू होतं. मशीन का थांबलं? जास्त लोड येऊन फ्यूज उडाला. लोड का आला? बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. का पुरत नव्हतं? वंगणाचा पंप नीट खेचत नव्हता. तो का खेचत नव्हता? त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. म्हणजे बसवायची आहे गाळणी. नुसता फ्यूज बदलून मशीन चालू करणारा माणूस काही महिन्यांनी पुन्हा त्याच मशीनपुढे उभा असतो.

हे उदाहरण मी नोकरीत किती वेळा ऐकलं आणि नंतर किती पोरांना ऐकवलं, याला गणती नाही. तरीही माझं आता ठाम मत झालंय की आमचं गाव हा 'का' कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवून घरी येतं. घरी आल्यावर आपण सगळे फ्यूज बदलणारेच असतो.

तुम्ही म्हणाल, पुरावा काय? पुरावा गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा आहे.

माझा भाचा चाकणला पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, तोही क्वालिटीतच. (आमच्या घराण्यावर हा शिक्काच आहे.) त्याने एक सेकंडहँड गाडी घेतली. आधीच्या मालकाने हौसेने चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणि डिकीत भलामोठा सबवूफर बसवून घेतला होता. यंदा उन्हाळ्यात एका रात्री सेकंड शिफ्ट संपवून येताना मोशीच्या अलीकडे गाणं मधेच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी तो एका दुकानात गेला. दुकानातल्या पोराने बघितलं, ३० अँपिअरचा फ्यूज उडालेला. नवा ३० चा टाकला, चालू करताक्षणी तोही उडाला. मग पोराने ४० चा टाकला. का, तर 'तिसाचा टिकत नाही, चाळिसाचा टिकेल'. चाळिसाचा टिकला, पण ॲम्प्लिफायरमधून जळका वास आला. तिथून गाडी दुसऱ्या दुकानात. तिथल्या माणसाने झाकण न उघडता निदान केलं, 'बोर्ड गेलाय, नवीन बसवून घ्या, नऊ हजारांत करून देतो.'

दुकानांची नावं सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. दहा दुकानं फिरलात तर आठ ठिकाणी हेच होईल. मला बोलायचंय ते भाच्याबद्दल. दिवसभर सप्लायरला 'रूट कॉज लिहा, हे चालणार नाही' म्हणून रिपोर्ट परत पाठवणारा हा मुलगा, चाळिसाचा फ्यूज बसताना शेजारी उभा होता आणि काही म्हणाला नाही.

आता जरा फ्यूजबद्दल, कारण यात नुसतं गाणं बंद पडण्यापेक्षा मोठं काही पणाला लागलेलं असतं. पुष्कळ लोकांना वाटतं की फ्यूज यंत्र वाचवण्यासाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. गाडीची बॅटरी दिसायला गरीब, फक्त १२ व्होल्टची, हात लावला तरी काही होत नाही. पण स्टार्टर फिरवताना तीच बॅटरी शंभर-दीडशे अँपिअर सहज देते. ॲम्प्लिफायरची लाल वायर बॅटरीपासून निघून सीटखालच्या गालिच्याखालून डिकीपर्यंत जाते. पुढे शॉर्ट झाला तर ही सगळी ताकद त्या वायरमधून धावते. वायर तापते, आवरण वितळतं, आणि वरती गालिचा, फोम, रेक्झिन असतंच. म्हणून फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा आणि वायरच्या जाडीला शोभेल एवढाच हवा. बारीक वायरवर मोठा फ्यूज टाकणं म्हणजे आता फ्यूजच्या जागी वायरने जळावं अशी व्यवस्था करणं. आपल्या लेकराबाळांच्या बुडाखाली.

असो. तो ॲम्प्लिफायर मी भोसरीला मास्तरांकडे नेला. एमआयडीसीच्या कडेला त्यांचं दहा बाय बाराचं दुकान आहे. वेल्डिंगचे इन्व्हर्टर, यूपीएस, मोटारींचे ड्राइव्ह अशा गोष्टी त्यांच्याकडे येतात. गाड्यांचा आवाजी माल ते फारसा घेत नाहीत, माझ्या ओळखीने घेतला. कोणी त्यांचं 'अडाणी पण जादूगार' असं चित्र मनात उभं करत असेल तर ते पुसून टाका. आयटीआयला पूर्वी रेडिओ-टीव्ही मेकॅनिक असा ट्रेड असे, तो त्यांनी केला. मग एका कंपनीच्या मेंटेनन्सला वीसेक वर्षं काढली, ती कंपनी बंद पडली, आणि मग हे दुकान. शिकलेला माणूस आहे. टेबलावर जुना ऑसिलोस्कोप आहे आणि तो शोभेचा नाही.

मास्तरांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. त्याआधी या यंत्राच्या पोटात काय असतं ते थोडक्यात.

गाडीत १२-१४ व्होल्ट असतात. एवढ्या व्होल्टेजवर थेट चालणारा साधा स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरला खरे २० वॅट जेमतेम देतो, डब्यावर काहीही छापलेलं असो. जास्त ताकद हवी तर जास्त व्होल्टेज हवा. म्हणून ॲम्प्लिफायरच्या आत एक छोटा कारखानाच असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. तो बॅटरीच्या १२ व्होल्टचे अधिक २८ आणि उणे २८ असे काहीतरी करून देतो. बॅटरीचा करंट सरळ वाहणारा, तो ट्रान्सफॉर्मरला चालत नाही. म्हणून आधी त्याचे सेकंदाला हजारो तुकडे करायचे, मग रिंगच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरवरून वाढवायचे, मग डायोड आणि कपॅसिटरने पुन्हा सरळ करायचे. तुकडे करण्याचं काम मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर करतात. त्यांचे दोन गट असतात. दोन माणसं लाकूड कापायची मोठी करवत ओढतात ना, तसं चालतं. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं. मधे क्षणभर दोघांनीही थांबायचं, कारण दोघांनी एकदम ओढलं की संपलं. हा ताल धरून देणारी एक चिप असते. टीएल ४९४ हे त्यातलं फार जुनं आणि घराघरात पोचलेलं नाव. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्येही ती किंवा तिची जुळी भावंडं सर्रास असत.

तर मास्तरांनी झाकण उघडायच्या आधी स्टूल पुढे केलं आणि भाच्याला बसवलं. "कधी बंद पडला? स्टार्टर मारताना, का मोठ्या आवाजात, का पाण्यातून गाडी गेल्यावर?" मोठ्या आवाजात. "त्याआधी काही वेगळं जाणवलं?" भाचा आठवून म्हणाला, आठ-पंधरा दिवस स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, ॲक्सिलरेटर दाबला की चढायची. "आणि त्याआधी गाडीला काही काम केलं होतंस?" नाही म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "सीट कव्हर टाकली." मास्तरांनी कागदावर 'शिट्टी' आणि 'सीट कव्हर' असं लिहून ठेवलं आणि मग स्क्रूड्रायव्हर घेतला. पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा. याचे पैसे कोणी देत नाही.

पहिला नियम, करंट द्यायचा नाही. आधी मीटरने बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स. जवळजवळ शून्य. म्हणजे आत सरळ शॉर्ट आहे आणि फ्यूज उडत होता तो आपलं कामच करत होता. मॉस्फेट चार होते, दोन-दोनचे गट. एका गटातला एक पूर्ण शॉर्ट, त्याच्या गेटचा रेझिस्टर जळून कोळसा. बाजूची तांब्याची पट्टी उचललेली, हा चाळिसाच्या फ्यूजचा प्रसाद. आता शंभरातले नव्वद दुरुस्तीवाले इथे खूश होतात. चोर सापडला! मॉस्फेट बदलायचा, चालू करायचं. आणि तो नवा मॉस्फेटही फटकन जातो, कधी लगेच, कधी महिन्याने.

मास्तरांनी चारही मॉस्फेट काढले, धडधाकट होते तेसुद्धा. खांद्याला खांदा लावून काम केलेले असतात, एक मेला तेव्हा उरलेल्यांनी काय सोसलं ते मीटर सांगत नाही. मग पलीकडच्या बाजूला गेले. डायोड तपासले, स्पीकरला ताकद देणारे ट्रान्झिस्टर तपासले. तिकडे शॉर्ट असता तर इकडचे मॉस्फेट त्याचा भार ओढून मेले असते. तिकडे सगळं ठीक. मग मॉस्फेट नसलेल्या रिकाम्या बोर्डाला टेबलावरच्या सप्लायमधून १२ व्होल्ट दिले, स्टिरिओकडून येणारा रिमोटचा इशारा एका वायरच्या तुकड्याने दिला, आणि चिपचे पाय एकेक करून बघितले. बाराव्या पायावर सप्लाय येतो का, चौदाव्यावर बरोबर ५ व्होल्ट आहेत का. मग ऑसिलोस्कोपवर दोन्ही गेटचे चौकोनी ठोके. एक वर असताना दुसरा खाली, मधे दोघांची विश्रांती. करवत नीट चालत होती. एका ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचा ठोका आळशी होता, तो बदलला.

तेव्हा कुठे नवे मॉस्फेट बसले. तेही तपकीर गल्लीतल्या एकाच ठरलेल्या दुकानातून आणलेले, कारण या नंबरांचा नकली माल बाजारात मुबलक आहे. खाली इन्सुलेशनची पट्टी, पेस्ट, क्लिप घट्ट. आणि चालू करताना मधे गाडीच्या हेडलाइटचा बल्ब, सिरीजमध्ये. आपल्याकडे वायरमनचा सिरीज बोर्ड असतो तीच कल्पना. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सगळा करंट स्वतःवर घेतो, मॉस्फेट वाचतात. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. मीटरवर अधिक २८, उणे २८. भाचा खिशातून पाकीट काढायला लागला.

मास्तर म्हणाले, "अजून झालं नाही. गाडी आण."

गाडी दुकानापुढे उभी राहिली. ॲम्प्लिफायर जोडला, गाणं लावलं, आवाज वाढवला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरने जोडलेली, दुसरी ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर. खरं तर दोन्ही एकच जागा, मधे व्होल्टेज दिसायलाच नको. दिसला तरी दशांशात. ठोका पडला की मीटर दोन-सव्वादोन व्होल्ट दाखवत होता. मास्तरांनी मागची सीट उचलली. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर एका पत्र्याच्या स्क्रूने रंगावरच आवळलेली होती. आधी ती सीटखालच्या बोल्टला असावी, कव्हर टाकणाऱ्याने सीट काढताना सोडली, आणि परत लावताना हाताला आली त्या जागी लावली. त्या बिचाऱ्याच्या दृष्टीने वायर जोडली की झालं.

आता उलटं वाचत चला. फ्यूज का उडाला? मॉस्फेट शॉर्ट झाला. का झाला? तापला. का तापला? हा चांगल्या जातीचा सप्लाय, बाहेरचा व्होल्टेज धरून ठेवणारा. त्यामुळे आत व्होल्टेज कमी मिळाला की तो करंट जास्त ओढतो. शिवाय गेटला पुरेसा व्होल्टेज नाही मिळाला की मॉस्फेट पूर्ण उघडत नाही, अर्धवट उघड्या दारातून गर्दी जावी तसं होतं आणि तो तापतो. व्होल्टेज कमी का मिळाला? अर्थिंग नीट नव्हतं. असा ॲम्प्लिफायर जोरात असताना ३० अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा दहावा भाग जरी अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. अर्थिंग का नीट नव्हतं? सीट कव्हर. मोजा, पाच झाले. आणि ती शिट्टी? परतीची वाट अडली की करंट स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरच्या जाळीतून परतायला बघतो, त्यात आल्टरनेटरचा आवाज मिसळतो. यंत्र पंधरा दिवस ओरडून सांगत होतं. भाच्याने काय केलं, तर शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून गाण्याचा आवाज वाढवला.

उपाय दहा मिनिटांचा होता. रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, वायरला थिंबल, स्टार वॉशर, बोल्ट, वरून गंज धरू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचा हात. आणि फ्यूज पुन्हा ३० चा.

आता बिल. सुटे भाग दीडशेच्या आसपास, मजुरी हजार. भाचा काही बोलला नाही, पण त्याच्याबरोबर आलेला मित्र बोललाच, "चार मॉस्फेटचे हजार?"

मंडळी, माझा सगळा राग या वाक्यावर आहे. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला त्रास होत नाही. नऊ हजारांचा नवा डबा घेताना या मित्राने कपाळाला आठी घातली नसती, कारण हातात काहीतरी जड येतं. वस्तू का बिघडली हे शोधण्याला मात्र आपल्या लेखी किंमत नाही. 'उघडून बघायला काय लागतं?' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. डॉक्टर नुसती नाडी बघून पाचशे घेतो, ते निमूट देतो. कंपन्या तर या पाच 'का'चं ट्रेनिंग द्यायला बाहेरून माणूस बोलावतात, त्याला दिवसाचे किती देतात ते मी सह्या केलेल्या बिलांवर पाहिलंय. जेवण आणि पिकअप वेगळं. आणि त्या ट्रेनिंगनंतर लिहिलेले रिपोर्ट बघाल तर पाचव्या रकान्यात निम्म्या वेळा एकच उत्तर असतं, 'ऑपरेटरला समज दिली'. म्हणजे फ्यूज बदलला.

याचा परिणाम काय होतो, तर निदान करणारा मरतो आणि डबा विकणारा जगतो. निदानाला अर्धा दिवस लागतो, पार्टला वीस रुपये. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. आपण पैसे फक्त वस्तूवर देणार असू, तर तो वस्तूच विकणार. झाकण न उघडता 'बोर्ड गेला' म्हणणं हे आपणच त्याला शिकवलंय. तो गेलेला बोर्ड मग भंगारात. आमच्याकडे भंगार म्हटलं की चिखलीची कुदळवाडी. मास्तर जुने हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर तिथूनच आणायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो शेड पाडली. भंगार तयार होणं काही त्याने थांबलेलं नाही.

दुसरी बाजूही आहे, ती नाकारत नाही. प्रत्येक वस्तू दुरुस्त करावी असा माझा हट्ट नाही. पावसाच्या पाण्यात बुडालेला बोर्ड, पट्ट्या सोलून निघालेला बोर्ड, यात पैसे घालू नयेत, आणि चांगला दुरुस्तीवाला ते स्वतःहून सांगतो. हल्लीच्या कंपनी-फिटेड सिस्टिममध्ये तर ॲम्प्लिफायर स्क्रीनच्या आतच असतो, सर्व्हिस सेंटर अख्खं युनिट बदलतं, तिथे मास्तरही हात टेकतात. काही बनवणारे चिपवरचे नंबर मुद्दाम घासून टाकतात. पूर्वी कितीतरी रेडिओंबरोबर सर्किट छापून यायचं, आता ते मागितलं तर वेड्यात काढतील. २०२२ च्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती वस्तू, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगलंच झालं. पण हक्क पोर्टलवर मिळाला तरी दुरुस्त करणारा माणूस गल्लीत शिल्लक लागतो, आणि तो आपल्या हजार रुपयांवर जगतो.

'पण भामटेही असतात ना?' आमच्या ताईचा हा नेहमीचा प्रश्न. (भाच्याची आई. हे वाचून ती मला फोन करणार आहे, मी तयार आहे.) असतातच. अंदाजाने पार्ट बदलत सुटणारे तर फारच. ओळखायची माझी खूण सोपी आहे. वस्तू परत घेताना विचारायचं, "ही गेली कशामुळे?" 'लोड आला', 'चायना माल आहे', 'व्होल्टेज वरखाली झाला' अशी उत्तरं आली की समजायचं, फ्यूज बदललाय. उलट जो आपल्यालाच चार प्रश्न विचारतो, त्याला मागतील तेवढे द्यावेत.

मास्तरांना मी बरेच दिवस सांगत होतो, शेवटी त्यांनी ऐकलं. दुकानात आता पाटी आहे. 'तपासणी रु. ३००. दुरुस्ती केल्यास बिलात वळते.' सुरुवातीला बरेच जण पाटी वाचून परत गेले, अजूनही जातात. पण जे थांबतात ते घासाघीस करत नाहीत, असं मास्तर म्हणतात. त्यांचा मुलगा चाकणला अप्रेंटिस आहे, सुट्टीच्या दिवशी दुकानात बसतो. हात चांगला आहे म्हणे त्याचा, पण दुकान चालवणार नाही असं त्याने आत्ताच सांगून ठेवलंय. कंपनीत पर्मनंट झाला तर इथल्यापेक्षा बरं, हे मास्तरांनाही मान्य आहे. मलाही नाही म्हणता येत नाही.

दुकान गुरुवारी बंद असतं, एमआयडीसीची सुट्टी. कोणाला पत्ता हवा असेल तर मला फोन करा. जाताना वस्तूबरोबर सुटे ३०० रुपये न्या, आणि वस्तू बंद पडायच्या आधी पंधरा दिवसांत घरात काय काय काम झालं ते आठवून ठेवा. ते विचारतातच.